बिबड्यांशेजारी वाळलेल्या दोन चिपा

अहो, तुमच्या टेबलावरची एक वस्तूसुद्धा मी हलवलेली नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. खोटं होतं ते. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी हलवलं सगळं. माणसं यायला लागली, त्यांना बसायला जागा नको? तुमचं टेबल खोलीच्या मधोमध म्हशीसारखं आडवं पसरलेलं. तो बोर्ड, वायरींचा गुंता, सोल्डरिंगची बंदूक, अर्धवट वही, सगळं उचललं आणि खिडकीच्या कट्ट्यावर मांडलं. फेकलं नाही हो, नीट मांडलं. एकेक वस्तू फडक्यानं पुसून मांडली. माझा हातच तसा. काही खराब होईल असं वाटलं की मी आधी ते पुसते आणि मग उन्हाला लावते.

त्या सवयीबद्दलच आज तुमच्याशी बोलायचंय.

तुम्ही शिकवायचात त्या संस्थेतले सर आले होते. म्हणाले, वहिनी, चार ओळी लिहून द्या, अंकात छापू. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं. म्हटलं, ते तुमच्या दप्तरात आहे, तिथून घ्या. मला चार ओळी नाही लिहायच्या, मला भांडायचंय. आणि ज्याच्याशी भांडायचं तो माणूस कधी नव्हे तो गप्प बसलाय. एरवी मी एक बोलले की तुम्ही दोन बोलायचात.

आपल्या जळगावच्या त्या भाड्याच्या दोन खोल्या आठवतात? शहाऐंशीचा उन्हाळा यायच्या आधीची दोन वर्षं. तुम्ही संस्थेतून आलात की चहा संपायच्या आत टेबलाशी. चाळीस पायांची ती काळी चिप तुम्ही मला पहिल्यांदा दाखवलीत तेव्हा मी गोम समजून मागे सरकले होते. तुम्ही म्हणालात, "अगं, हे डोकं आहे. नुसतं डोकं. हिला आठवण नाही, ती आपण भरायची." मी म्हटलं, "म्हणजे तुमच्यासारखंच. भाजी आणायला सांगितली की पिशवीच विसरून येणारं." तुम्ही इतके हसलात की शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

आठवण भरायची म्हणजे आकडे भरायचे. वहीत उभ्या रांगांत लिहिलेले आकडे आणि इंग्रजी अक्षरं. बोर्डावर बटणं होती, कॅल्क्युलेटरसारखी. तुमचे डोळे वहीवरून बटणांवर आणि बटणांवरून वहीवर जाऊन चुकायचे, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी खाली पाटावर बसून मेथी निवडत वाचायची. "थ्री ई. झिरो वन. डी थ्री." तुम्ही "हं" म्हणायचात आणि बटण दाबायचात. बी आणि डी तुम्हाला सारखेच ऐकू यायचे, म्हणून मी आपली युक्ती काढली. बी म्हणजे बटाटा, डी म्हणजे डाळ. "डाळ थ्री. बटाटा सेव्हन." घरात कुणी पाहुणा बसलेला असला तर त्याला वाटायचं, यादी चाललीय किराण्याची.

मला त्यातलं अक्षरसुद्धा कळत नव्हतं. फक्त सेव्हन सिक्स म्हणजे थांब, एवढं तुम्ही शिकवलं होतं. पण खरं सांगू? लग्नानंतर तुम्ही माझ्याशी सगळ्यात जास्त बोललात ते त्या आकड्यांतून. मध्येच लाइट जायची आणि दोन तासांचं भरलेलं सगळं उडून जायचं. मी कपाळावर हात मारायची. तुम्ही म्हणायचात, "चल, पहिल्या पानापासून." एकदा मी एक ओळच गाळली वाचताना, आणि तुम्ही सगळा रविवार त्या चुकीमागे घालवलात. सापडली तेव्हा मी रडायच्या बेतात होते. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "चूक कुणाची हे यंत्र विचारत नाही. कुठे आहे एवढंच बघायचं, आणि दुरुस्त करायची." हे वाक्य मी जपून ठेवायला हवं होतं. म्हणजे, जपून ठेवलंच होतं. वापरायच्या वेळी वापरलं नाही.

आणि हा सगळा खटाटोप माझ्या माहेरच्या केळीसाठी. रावेरला लाइटीचा नेम नव्हता. तीनपैकी एक फेज गेली आणि मोटर चालूच राहिली की जळाली. माझे वडील, आबा, जळकी मोटर बैलगाडीत घालून वाइंडिंग भरायला न्यायचे आणि इकडे बाग माना टाकायची. तुम्ही आबांना शब्द दिलात. असं यंत्र करून देतो की ते स्वतःच तिन्ही फेज बघेल, विहिरीतलं पाणी बघेल, आणि पाळीपाळीनं बागेला पाणी सोडेल. आबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरी, जावाई बरे हायेत ना?"

या कामात तुमचा जोडीदार एकच. धुळ्याचे प्रभाकर भावजी. रेडिओचं काम तुम्ही दोघं एकाच बाकावर शिकलात. ते दर पंधरवड्याला पारोळ्यावरून एसटीनं इकडे यायचे, नाहीतर तुम्ही तिकडे. दाराशी आले की आधी ओरडायचे, "वसंत्या, शे का घरमा?" आणि मग मला, "वहिनी, ठेचा वाटा." त्यांच्याकडे स्वतः बनवलेलं चिपा भरायचं यंत्र होतं. बोर्डावर तपासून झालेला प्रोग्रॅम ते कायमचा चिपेत भरून द्यायचे, म्हणजे लाइट गेली तरी पुसला जायचा नाही. आणि पुसायचा झालाच तर त्यांच्याकडे लाकडाची एक पेटी होती, निळ्या दिव्याची. अर्धा तास चिप त्या दिव्याखाली ठेवली की कोरी. मला एकदा दाखवली होती. "वहिनी, दिव्याकडे नका बघू, डोळे जातील."

त्या चिपांना पाठीवर मधोमध काचेची बारीक गोल खिडकी असायची. भावजी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कापून त्यावर डिंकानं चिकटवायचे आणि तुम्ही त्यावर पेनानं आकडा घालायचात. एक आणि दोन. मी विचारलं होतं तुम्हाला, हा कागद कशाला? तुम्ही वर न बघताच म्हणालात, "नजर लागू नये म्हणून." मी हसले. मला वाटलं, थट्टा.

कशाची नजर, ते सांगायला तुमचं काय जात होतं हो? आकडे वाचायला मी चालत होते, मग एवढं सांगायला नव्हते चालत? यावर मी तुमच्याशी रोज भांडते हल्ली. भाजी चिरताना, दिवा लावताना. तुम्ही उत्तर देत नाही म्हणून मीच जिंकते, आणि जिंकून काही उपयोग होत नाही.

तर तो उन्हाळा. दोन्ही चिपा भरून झाल्या होत्या. भावजींनी तुमच्या डोळ्यांदेखत तपासून दिल्या होत्या. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी माहेरी जाणार, तेव्हा तुम्ही बोर्ड घेऊन यायचं आणि आबांच्या मोटरीला लावायचा, असं ठरलं. त्याआधी तुम्हाला परीक्षेची ड्यूटी लागली, बारा दिवस नाशिकला. जाताना चपलांचा डबा माझ्या हातात देऊन म्हणालात, "जीव आहे माझा यात. सांभाळ." डब्यात काळ्या फोमात खोचलेल्या त्या दोन चिपा.

मी तो डबा सांभाळायचा म्हणून थंड जागी ठेवला. जळगावच्या एप्रिलात थंड जागा एकच, कूलरच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळा लागला, आणि कूलरची टाकी भरून वाहिली. उठून बघते तर डबा पाण्यात. पुठ्ठा लगदा झालेला, फोम पाणी पिऊन फुगलेला, चंदेरी कागद सुटून तरंगत होते. काय करावं सुचेना. मग जे माझ्या आईनं केलं असतं तेच केलं. भिजलं, तर वाळवायचं.

गच्चीवर वाळवणं चाललीच होती. ज्वारीचे बिबडे घातले होते, त्यानंतर कुरडया, मग चिकोड्या. मी दोन्ही चिपा फडक्यानं टिपल्या, थर्माकोलच्या तुकड्यात पाय खाली आणि खिडकी वर अशा खोचल्या, आणि परातीत ठेवून बिबड्यांच्या शेजारी मांडल्या. एका दिवसात वाळल्या असतील. पण मन मानेना. आत पाणी राहिलं असेल तर? म्हणून दुसऱ्या दिवशीही ठेवल्या. तिसऱ्या दिवशीही. सकाळी वर, सूर्य कलला की खाली. कावळा चोच मारेल म्हणून मी पदर डोक्यावर घेऊन राखण बसायची, भर उन्हात. आठ-नऊ दिवस. चंदेरी कागद मी पोथीत दाबून सरळ केले होते. शेवटच्या दिवशी डिंक लावून जागच्या जागी चिकटवले. डब्यातल्या जागा लक्षात होत्या, त्यावरून एकचा एकवर, दोनचा दोनवर. आकडे तुमच्याच अक्षरातले. तसाच दुसरा चपलांचा डबा, वाळवलेला तोच फोम. तुम्ही आलात, उघडून बघितलंत, "शाब्बास" म्हणालात. मला इतकं हायसं वाटलं की मी तुम्हाला शिरा करून घातला.

रावेरला काय झालं ते आठवलं तरी आजही माझे कान गरम होतात. आखाजीचा दुसरा दिवस, झाडांना अजून झोके टांगलेले, आबांनी अर्धा गाव विहिरीवर बोलावलेला. तुम्ही नवा सदरा घातला होता. लाइट आली, तुम्ही बटण दाबलं, आणि काही म्हणजे काही झालं नाही. दिवे उगाच लुकलुकले. तुम्ही पुन्हा दाबलं. पुन्हा. आबा शेवटी म्हणाले, "राहू द्या जावाई, मोटर त जुन्या स्टार्टरवर बी चालते." किती मायेनं म्हणाले. तुम्ही मान वर केली नाहीत.

दुसऱ्याच दिवशी आपण धुळ्याला. तुम्ही मलाही घेऊन गेलात, कारण मी सोबत असले की तुमचा राग जरा धरबंधात राहतो, हे तुम्हालाही ठाऊक होतं. भावजींनी चिपा त्यांच्या यंत्रावर लावून वाचल्या. एफ एफ. एफ एफ. एफ एफ. पहिल्यापासून शेवटपर्यंत. कोऱ्या चिपेत शून्य नसतं, एफ एफ असतं, हे मला त्या दिवशी कळलं. खोलीच्या कोपऱ्यात ती निळ्या दिव्याची पेटी होती. तुम्ही एकदा तिच्याकडे बघितलंत आणि एकदा त्यांच्याकडे.

"तू पुसलेल्या चिपा दिल्यास मला."

"वसंता, तुन्या समोर तपासी दिन्या ना!"

"मग बदलल्यास. चांगल्या ठेवून घेतल्यास. उद्या नाशिकच्या एखाद्या कंपनीला आपल्या नावानं दाखवशील."

भावजींचा चेहरा पडला. ते फक्त एवढंच म्हणाले, "मना हातवर भरोसा नही का तुले?"

तुम्ही म्हणालात, "नाही."

मी तिथेच होते. पाटावर. हातात चहाची बशी. मला वाटलं, पाण्यानंच झालं असणार. जिभेवर आलं होतं. कूलर, डबा, सगळं. पण आबांची ती विहीर, तो अर्धा गाव डोळ्यांपुढे आला. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्याकडे तसं बघाल, जसं त्यांच्याकडे बघत होतात, या भीतीनं मी बशीकडे बघत राहिले. चहावर साय धरली. आपण उठून निघालो. प्रोग्रॅमची मोठी वही त्यांच्याच फळीवर राहिली. तुम्ही ती मागितली नाहीत आणि त्यांनी दिली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी, तुम्ही दाढी करत होतात तेव्हा, मी धीर करून विचारलं. आठवतं का? "काहो, पाण्यानं चिप बिघडते का?"

आरशातूनच म्हणालात, "नाही. वाळवली की चालते. का गं?"

"सहजच."

केवढी सुटले मी! पाण्यानं बिघडत नाही म्हणजे माझ्यामुळे झालं नाही. म्हणजे भावजींनीच काहीतरी केलं. मी त्या दिवसापासून त्यांना मनातल्या मनात नावं ठेवायला लागले, तुमच्यापेक्षाही जास्त. त्यांच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा तुम्ही ती हातात घेऊन बराच वेळ उभे होतात. मीच म्हटलं, "जायचं काही कारण नाही." मी म्हटलं ते. तुम्ही नाही.

नऊ वर्षं बोर्ड माळ्यावर. तुम्ही घरचा रेडिओसुद्धा उघडला नाहीत. संस्थेतून यायचं, पेपर वाचायचा, जेवायचं. मी कधी मेथी निवडत बसले की तुम्ही येऊन जवळ उभे राहायचात, आणि मग काहीच न बोलता आत जायचात.

आणि मग गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी तुम्ही शिडी लावून माळ्यावर चढलात. धुळीनं भरलेला बोर्ड छातीशी धरून उतरलात. मला वाटलं, भंगारात घालणार. तुम्ही म्हणालात, "बघतो जरा." तुमचे विद्यार्थी हसायचे म्हणे. सर, आता कॉम्प्युटर आले, ही म्हातारी चिप कशाला? तुम्ही मला सांगितलंत, "नव्या चिपा हुशार असतील. पण हिच्याशी माझी ओळख आहे." चष्मा लागला होता, सोल्डरचा थेंब कधी भलतीकडेच पडायचा. पण दोन महिन्यांत तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसायला लागलात. मी पुन्हा पाटावर. डाळ थ्री, बटाटा सेव्हन. इतक्या वर्षांनी तुम्हाला हसताना ऐकलं आणि मी वहीत तोंड खुपसलं, डोळे दिसू नयेत म्हणून.

नवी वही तुम्ही आठवून आठवून लिहीत होतात. एका ठिकाणी अडलात. फेज तपासायचा तुकडा भावजींचा होता, तो तुम्हाला काही केल्या जुळेना. मी म्हटलं, कामापुरता फोन करा. तुम्ही म्हणालात, तो उचलणार नाही. मी म्हटलं, करून तर बघा. तेव्हा कुठे एकदा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेलात, नंबर फिरवलात, आणि पलीकडून "हॅलो" ऐकून ठेवून दिलात. घरी येऊन म्हणालात, "आवाज तोच आहे." मग आपलं भांडण झालं. मी म्हटलं, माफी मागायला नका जाऊ, चूक त्यांची, तर माफी त्यांनी मागायची. तुम्ही म्हणालात, "चूक कुणाची ते सोड. मी नको ते बोललो." हे आपलं शेवटचं भांडण. ते मिटायच्या आतच तुम्ही गेलात.

दहाव्याला भावजी आले. केस पिकलेत. दारात उभे राहिले, ओरडले नाहीत. मी आत बोलावलं. ते बसले, पाणी प्यायले, आणि त्यांची नजर खिडकीकडे गेली. सकाळचं ऊन कट्ट्यावर पडलं होतं. बोर्डावर दोन नव्या चिपा. जेवढं जुळलं होतं तेवढं तुम्ही त्यांत कुणाकडून तरी भरून आणलं होतंत. त्यांच्यावरचे कागद त्याच सकाळी मी पुसताना ओल्या फडक्यानं निघाले होते.

पुरुषमाणूस घरात सुतक असताना असा ओरडतो का? पण ते ओरडले. "वहिनी! उनमा नका ठेवू, बठ्ठं पुसाई जाई!" धावले, आणि दोन्ही चिपांवर आपला तळवा ठेवला. कोंबडीच्या पिल्लांवर हात धरावा तसा.

मी म्हटलं, "पुसलं जाईल म्हणजे?"

ते म्हणाले, "त्या खिडकीतून ऊन आत जातं ना. निळ्या दिव्यात जे असतं, तेच उन्हातपण असतं, थोडं कमी. दिव्यात अर्धा तास लागतो, उन्हात आठवडा. आपल्याकडच्या उन्हात आठवडापण नको." आणि मग जरा हसून, "म्हणून तर चांदी लावायचो. वसंत्यानं सांगितलं नाही तुम्हाला?"

बायका आत भाकऱ्या थापत होत्या. कुणीतरी मला हाक मारली. मी गेले, परातीतलं पीठ बघितलं आणि तिथेच खाली बसले. सगळ्यांना वाटलं, तुमच्या आठवणीनं. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मला बोलता येईना की मी रडत नाहीये, मी मोजतेय. पहिल्या दिवशी बिबडे. दुसऱ्या दिवशी बिबडे. तिसऱ्या दिवशी कुरडया.

त्या दिवशी भावजींना काही सांगितलं नाही. दुसऱ्यांदा गप्प बसले. त्यांनी जाताना दोन्ही खिडक्यांवर काळी पट्टी चिकटवली आणि हात जोडले. मला वाटलं, आता सांगून कुणाचं भलं होणार? तुम्ही गेलात, नऊ वर्षं गेली. पण रोज सकाळी कट्ट्यावर ऊन आलं की माझा जीव घाबरा व्हायचा. शेवटी गेल्या रविवारी बोर्ड कापडात गुंडाळला, तुमच्या नव्या वहीसकट पिशवीत घातला, आणि धुळ्याची एसटी धरली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा उतरून परत जावं असं दोनदा वाटलं. गाडी सुटली म्हणून राहिले.

त्यांच्या मंडळींनी चहा दिला. तोच पाट, तीच फळी. निळ्या दिव्याची पेटी दिसली नाही. मी बशी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. कूलर, डबा, परात, पोथीत दाबलेले कागद, डिंक. त्यांच्या लग्नाला जाऊ नका असं मी तुम्हाला म्हणाले होते, तेही. एक शब्द गाळला नाही.

ते म्हणाले, "बिबड्यांशेजारी?"

"हो."

हसतील असं वाटलं. तोंडही तसं झालं. पण ते हसू नव्हतं. बराच वेळ ते आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मी चोर नव्हतो, ते मला माहीत होतं. पण मला वाटायचं, माझ्याकडून चुकून झालं असेल. तपासून झाल्यावर चुकून दिव्याखाली ठेवल्या असतील. वसंता खोटं कशाला बोलेल? पांझरेला पूर आला तेव्हा ती पेटी पुलावरून टाकून दिली. नंतर एक चिप भरली नाही. कुणाचा टीव्ही उघडला तरी चारचारदा तपासतो. नऊ वर्षं मी माझ्या हातांवर भरोसा नाही ठेवला."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. ते मागे सरकले. "जाऊ द्या वहिनी" म्हणाले नाहीत. मला तेच बरं वाटलं. म्हणाले असते तर मला तिथे बसता आलं नसतं.

उठून आत गेले ते आपली ती मोठी वही घेऊन आले. पहिलं पान मी कधी बघितलंच नव्हतं हो. मी नेहमी आकड्यांची पानं उघडायची. पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात तीन ओळी. लेखन: वसंत. भरणी: प्रभाकर. वाचन: आमची सौ. मला नाही सांगितलंत कधी. एवढी तीन नावं एका पानावर लिहिलीत, आणि तिघांनीही एकमेकांना काही सांगितलं नाही.

भावजींनी पिशवीतून बोर्ड आणि तुमची नवी वही काढली. दोन्ही समोर मांडलं, चष्मा लावला. म्हणाले, "तो जिथे अडला होता तिथून वाचा."

मी मोठ्या वहीतलं ते पान काढलं. वाचायला लागले. "थ्री ई. डाळ बटाटा." ते "हं" म्हणाले. अगदी तुमच्यासारखं "हं". मी वाचत गेले, ते दाबत गेले. अर्ध्या पानावर लाइट गेली. पंखा थांबला, बोर्ड मेला, सगळं उडालं. मग ते म्हणाले, "पहिल्यापासून." पहिल्यापासून वाचलं. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही. एसटीची वेळ झाली तेव्हा फेजचा तो तुकडा तपासून झाला होता. चालतो तो. नव्या वहीत तुम्ही एकच आकडा चुकला होतात.

काल पुन्हा तुमचा दाढीचा आरसा पुसला. उन्हात नाही ठेवला. त्यात बघत उभी राहिले. तुम्ही विचारलं होतंत, "का गं?" मी म्हटलं, सहजच. सहज नव्हतं हो ते. आणखी एक वाक्य बोलले असते तर तुम्हाला तिथल्या तिथे उलगडलं असतं, तोंडाला साबण तसाच ठेवून तुम्ही धुळ्याची गाडी पकडली असती. मला ओरडला असतात, चार दिवस बोलला नसतात, आणि पाचव्या दिवशी म्हणाला असतात, चल, पहिल्या पानापासून.

तर ऐका. कूलरचं पाणी सांडलं होतं. आणि मी तुमच्या चिपा आठ-नऊ दिवस उन्हात ठेवल्या होत्या.